काच सुनेच्या हाती

आमी मनेर बगा, म्हंजी बांगड्या भरणारं मुसलमान. आजेसासऱ्यांपासनं पौडच्या बाजारात दुकान हाय, पण दुकान नावाला, खरा धंदा पायी. माझं नाव रशिदा, पण ह्या मुलखात रशिदा कुणाला ठावं न्हाई, समद्यांना बांगडीवाली भाभीच ठावं. लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी डोक्यावर टोपली दिली अन् म्हनल्या, चल, आता हात बगायला शिक. बांगडी भरायची म्हंजी नुसती ढकलायची न्हाई, ताई. आधी हात मऊ करायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून आत घ्यायचं, बाईला बोलतं ठेवायचं, ती माहेरचं बोलाय लागली की हात सैल सोडती, तेवढ्यात बांगडी मनगटात.

काय सांगू तुमाला, काय दिवस हुते. रिह्याच्या खोऱ्यात भाताची आवणी सरली की बाया माझी वाट बगायच्या, चिखलात राबून हात नुसते लाकडागत झालेले, अन् बांगड्या समद्या वाढलेल्या, फुटल्या म्हनायचं न्हाई, वाढल्या म्हनायचं. मी सुगंधाक्काच्या ओट्यावर बसायची. सुगंधाक्का म्हंजी तितली शेतकरीण, माझ्याच वयाची, दणकट बाई. तांदळाची भाकर अन् सुकटीची चटणी हातावर ठेवल्याबिगर उठू द्यायची न्हाई. एकीच्या बांगड्या भरून हुईस्तवर धाजणी येऊन बसायच्या, कुणाची सासू, कुणाचा दारुडा, समदं माझ्या म्होरं. हिंजवडीलाबी जायची मी तवा, सगळं शेतच हुतं तितं. आता बायांच्या हातात काच न्हाई, इमारतींनाच काच!

मग डोळ्यात मोतीबिंदू आला. सव्वादोनचं माप का अडीचचं, दिसंना. आपरेशनच्या आधी सरकारी दवाखान्यात रगात तपासलं तर डॉक्टरीणबाई म्हनली, आजी, तुमाला हेपटायटिस सी हाय, लिव्हरचा आजार, लई वर्सांपासनं असंल. कुटनं आला म्हनावं? धाकट्याच्या बाळंतपणात मला रगात चढवलं हुतं, नाय तर त्या येळंला एकाच सुईनं समद्या गावाला इंजेक्शन द्यायचे, ती म्हनली आता सांगता याचं न्हाई. तवा मला उमगलं, कितीक दिस अंगात जीव न्हवता, टोपली उचलताना डोळ्याम्होरं अंधारी यायची, अन् मी आपली म्हनायची वय झालं. ती म्हनली, संगं जेवल्यानं न्हाई हुयाचं, शिवल्यानं न्हाई हुयाचं, रगाताला रगात लागलं तरच. पण ताई, माझा धंदाच काचंचा. बांगडी वाढली की माझं बोट कापणार, बाईचं मनगटबी कापणार.

मी सुगंधाक्काच्या ओट्यावरच सांगून टाकलं. एका पोरीचा हात माझ्या हातात हुता, तिनं तो काढून घेतला. रागानं न्हाई, भ्यायली बिचारी. पण घरी येस्तवर माझा तळवा गार पडल्यागत झाला. टोपली माळ्यावर टाकली. माझी सून शबाना पुण्याची, दुकान बगायची, म्हनायची अम्मी, दोन घास तरी खा. अन्नावर वासनाच न्हवती.

आजारावरच्या गोळ्या चालू हुत्या अन् सुगंधाक्का एसटीनं दारात. नातीचं लगीन काढलंय, चुडा कोन भरणार? मी म्हनलं, दुसरी बघा. तशी उखडली, म्हनली, माझा चुडा तुज्या सासूनं भरला, माझ्या लेकीचा तू भरला, आता मी दुसरी कुटं हुडकू? हात लावून न्हाई हुत म्हनली ना डॉक्टरीण? मग तू हात दाब, काच सुनंला धरू दे.

तसंच केलं बगा. पोरगी मधी, मी एकीकडं, शबाना दुसरीकडं. मी हाड दाबायची अन् म्हनायची, आत्ता, आन् शबाना सरकवायची. पयली बांगडी चढंना, शबानाची नजर काचंवरनं हटंना, मी म्हनलं, काचंकडं बगू नगं, पोरीच्या तोंडाकडं बग. मग नवऱ्या मुलाचं काढलं, पोरगी लाजून हसली अन् बांगडी सर्रदिशी गेली. समदा हिरवा चुडा चढला, एकबी वाढली न्हाई. ज्या पोरीनं हात काढला हुता ती मागं हुबी हुती, म्हनली, भाभी, मलाबी भरा. मी तिचा हात घट धरला.

तीन महिन्यांनी गोळ्या सरल्या, पुन्यांदा तपासलं, रगातातनं आजार गेला, डोळ्याचं आपरेशनबी झालं. पर लिव्हर सुकलंय जरा, सोनोग्राफीला जावं लागतं, दुपार झाली की अंग टाकावं वाटतं. डॉक्टरीण म्हनली, आता भरा बांगड्या बिनघोर. पर शबानाचा हात बसलाय, तिला कशाला उठवू? तिच्या स्कूटरवर मागं बसून जाते, बायांचे हात मऊ करते, चार गोष्टी ऐकते. पयल्यावानी धाजणी न्हाई येत, दोघी-तिघी येतात. येतात ते काय कमी हाय?

चा घ्या, निवला. अन् ताई, तुमीबी रगात तपासून घ्या एकदा. अल्ला तुमाला बरं ठिवो.