नाना खुर्चीत असेपर्यंत

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कोल्ड स्टोरेज संस्थेचे चेअरमन आदरणीय केरूनाना, प्रमुख पाहुण्या प्राचार्या संजनाताई, आजच्या सत्कारमूर्ती तबस्सुम मॅडम, व्यासपीठावर मावलेले आणि न मावल्यामुळे रुसलेले संचालक, निफाडहून निघून गंगापूर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत इथवर पोहोचलेले माझे बागायतदार बंधू-भगिनी, आणि जेवणाचा वास कुठून येतोय याचा शोध घेणारे इतर मान्यवर!

मी सोमनाथ. संस्थेचा संचालक, त्याआधी द्राक्षवाला. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. पण दोन शब्दांत आटोपणारा माणूस आजवर या माइकसमोर उभा राहिलाय का? मीही राहणार नाही. आज तर मुळीच नाही. कारण पुढे कळेलच.

तबस्सुम मॅडम मालेगावहून आपल्याकडे कॉम्प्युटर विभागात आल्या. त्याआधी आपला कॉम्प्युटर विभाग म्हणजे काय होतं? खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहायचं आणि वर्षभर ते कुंकू कीबोर्डमधून झटकत बसायचं. मॅडमनी आल्या आल्या सगळी मशीनं तपासली आणि म्हणाल्या, "सर, यांच्या फर्मवेअरमध्ये भोक आहे." मी म्हटलं, "कुठल्या वेअरमध्ये?"

मग त्यांनी समजावलं. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जे जागं होतं, ते फर्मवेअर. वाड्यातल्या धन्याआधी उठणारा वॉचमन म्हणा. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. तोच फितूर झाला, तर आत तुम्ही कितीही भारी अँटिव्हायरस बसवा, त्याला पत्ता लागत नाही. कंपनीनं भोक बुजवायचं अपडेट काढलं होतं. ते मॅडमनी एकेका मशीनला केलं. एकच मशीन राहिलं. कुणाचं, ते मी सांगणार नाही. सगळे तिकडे बघू नका हो, बरं दिसत नाही!

नाना, रागावू नका. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "पोरी, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालती? लय भारी चालतंय माझं. मला नाय कळत व्हय?" आणि मॅडमचं उत्तरही पाठ आहे. "नाना, गाडा चालतोय, पण दार उघडं राहिलंय ना!" खरं कारण वेगळंच आहे. मागे एकदा अपडेट चालू असताना पडदा काळा झाला. नानांना वाटलं, मेलं. त्यांनी बटण दाबून बंद केलं, आणि मग ते खरंच मेलं. तेव्हापासून अपडेट म्हटलं की नानांचा रक्तदाब वाढतो. आता मला सांगा, मोटारीवर पाणी चढत असताना मधेच फ्यूज काढला, तर दोष विहिरीचा का?

हसताय तुम्ही. पण आपल्या सगळ्या थंड खोल्यांचं तापमान नानांच्या त्या एका कॉम्प्युटरवरून वरखाली करता येतं. गेल्या हंगामात दूरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कुणी चोर अशाच भोकातून कॉम्प्युटरमध्ये शिरला आणि त्यानं बसल्या जागेवरून खोल्या तापवल्या. सकाळी पेट्या उघडल्या, तर द्राक्षांना आंबूस वास. माझ्या साडूचा माल होता त्यात. ट्रॉलीभर द्राक्षं त्यानं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर ओतली. मला अजून ते आठवलं की भीती वाटते. आज तुमची माझी, सगळ्यांची द्राक्षं आपल्या खोल्यांत आहेत.

म्हणून आता सांगूनच टाकतो. या क्षणी, आपण इथे खाली हारतुरे करत असताना, वर नानांच्या केबिनमध्ये त्यांच्या कॉम्प्युटरचं अपडेट चालू आहे.

नाना, बसा! बसा, बसा. अध्यक्ष उठले की सभा संपते, आणि आभार अजून मानायचेत. पाहुण्यांसमोर शोभेल का ते? शिवाय आत्ता पडदा काळाच असणार. तुम्ही वर गेलात की तुमचा हात बटणाकडे जाणार. मी ओळखतो तुमचा हात.

चोरून केलेलं नाही हां. संचालक मंडळाचा ठराव आहे. नानांनी मान डोलावली होती. आता ती ठरावाला डोलावली की समोरच्या कांदाभज्यांना, हे त्यांनी बघावं. वर मॅडमची जागा घेणारी हर्षाली बसलीय. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, आणि नाना निघाले तर मी आहे.

आता मूळ मुद्दा. पुण्याला मोठी नोकरी मिळाली म्हणून मॅडम चालल्या. आम्ही विचारलं, भेट काय देऊ? पैठणी, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ? त्या म्हणाल्या, "सर, वस्तू नको. जायच्या आधी नानांचा कॉम्प्युटर तासभर मोकळा मिळेल का? पुण्यात बसून इथल्या द्राक्षांची काळजी करायची नाहीये मला."

लेकी सासरी जाताना काय काय मागतात. हिनं जाताना आपला माल सुरक्षित असावा एवढंच मागितलं, आणि तेही आम्हाला सरळ देता आलं नाही. नानांना खुर्चीत बसवून ठेवण्यासाठी एवढा मांडव घालावा लागला. मला लाज वाटते, मॅडम, आणि तुमचा अभिमानही वाटतो.

ती बघा, दारात हर्षाली आली. काय गं? झालं? पुन्हा तपासलं? चालू झालं? भोक बुजलं? वा!

टाळ्या नंतर वाजवा, आधी आभार उरकू द्या. संजनाताई, जेवण गार होतंय तरी उठला नाहीत, उपकार झाले. बागायतदारांनो, माझी वटवट सोसलीत, तुमचेही. तबस्सुम मॅडम, शाल तर मिळेलच, पण तुम्ही मागितलेली भेट वर तयार आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मानपान राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर पोटात घाला.

आणि नाना, आता तुम्ही उठलात तरी चालेल.