बापाची सही

मेघाली: आधी सांगा बाबा, ही सही तुमचीच ना?

काळूराम: माझीच हाय. मागच्या दिवाळीला आमच्या गोल्फच्या मैदानावर येणाऱ्या भाविकसरांनी कल्याण नाक्याच्या ऑफिसात बोलावलेलं. चहा पाजला. बोलले, पोरीच्या गोल्फची परवानगी हाय, बापाची सही लागते.

मेघाली: परवानगी कसली? करार आहे हा. अमेरिकेतल्या कॉलेजांशी माझ्या वतीनं भाविकसर बोलणार, आणि स्कॉलरशिप मिळाली की तिचा दहावा हिस्सा त्यांचा.

काळूराम: मंग? माणूस खटपट करतो, घेईल थोडं. त्यात रडतेस कशाला?

मेघाली: तिकडच्या कॉलेजांचा नियम आहे. खेळाडूनं असा एजंट धरला, तर त्याला कॉलेजच्या टीममधून खेळता येत नाही. स्वतः धरला काय, आईबापानं धरला काय, सारखंच. मला टीममध्ये घेऊ बघणाऱ्या तिकडच्या कोच मॅडमनी फॉर्म पाठवलाय, त्यात एजंट आहे का, असं सरळ विचारलंय. उद्या सकाळपर्यंत भरून पाठवायचाय.

काळूराम: 'न्हाय' लिव. अमेरिकेतून कोण येतंय पडघ्याला बघायला?

मेघाली: भाविकसरांना माहीत आहे ना. आज त्यांनीच हा कागद मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलंय, मला विचारल्याशिवाय कोचशी बोलायचं नाही.

काळूराम: असं लिवलंय? लाव फोन त्यांना. आवाज मोठा ठेव.

भाविक: हां, बोला काका.

काळूराम: सर, तो कागद फाडून टाका ना. पोरीला अडचण होते.

भाविक: अरे, टेन्शन मत लो. मेघाली, ऐकतेयस ना? फॉर्मवर 'नो' टिक कर. सगळे तेच करतात. मी कोणाला बोलणार नाही, आपण घरचेच.

मेघाली: आणि नंतर कळलं तर, सर?

भाविक: माझ्याशी नीट राहिलीस तर कळेल कशाला? पण 'यस' लिहिलंस तर तुझा खेळ खतम, बेटा. और काका, तुम्ही मैदानावर गवत कापायचं मशीन चालवता ना? तिथल्या कमिटीवाल्यांबरोबर माझं रोजचं उठणंबसणं आहे. समझ रहे हो ना? चला, ठेवतो.

मेघाली: बाबा? बाबा, खाली बसा. पाणी आणू?

काळूराम: नको. आईला सांगू नको इतक्यात. बारा वर्सं झाली मला त्या मैदानावर. एक खाडा न्हाय.

मेघाली: मी सोडून देते. भिवंडीतच बीकॉमला जाते. मग त्यांना काही करता येणार नाही.

काळूराम: तू सोडलंस म्हणून तो सोडंल व्हय? कागद त्याच्याकडंच ऱ्हाणार.

मेघाली: 'नो' लिहिलं तर चार वर्षं त्याच्या मुठीत. प्रत्येक मॅचच्या आधी वाटणार, आज त्याचा फोन येईल. 'यस' लिहिलं तर बहुतेक आत्ताच संपलं. आणि वर तुमची नोकरी. माझं डोकंच चालत नाही, बाबा.

काळूराम: नाशिकला काय झालं व्हतं?

मेघाली: कधी?

काळूराम: तो कप गेला तवा. झाडाखाली तुझा धक्का लागून चेंडू हलला, कोणी बघितला न्हवता. तू आपणहून दंडाचा एक फटका वाढवून लिवलास, आणि एकाच फटक्यानं हरलीस. मी एसटीत कसाऱ्यापर्यंत तुला बोल बोल बोललो.

मेघाली: आठवतंय. मागच्या सीटवरची बाई तुम्हाला म्हणाली, बस करा आता.

काळूराम: आणि तू खिडकीला डोकं लावून गाढ झोपलीस. मला तर लय राग आलेला. आज 'नो' लिवून तशी झोप लागंल का तुला?

मेघाली: नाही लागणार.

काळूराम: मंग खरं लिव. बापानं सही केली, बापाला इंग्रजी येत न्हाय, पोरीला ठाऊक न्हवतं.

मेघाली: तुम्हाला अडाणी समजतील ते.

काळूराम: समजू दे. ते काय खोटं हाय?

मेघाली: 'यस'वर टिक केलं. खाली तुम्ही म्हणालात तसंच लिहिलं.

काळूराम: मंग थांबू नको. पाठव तू.

(तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, घराच्या ओट्यावर.)

मेघाली: किती उशीर! फोन पण बंद तुमचा.

काळूराम: कमिटीनं बसवून ठेवलेलं. मशीन काढून घेतलं माझ्याकडून. उद्यापासून कुंपणाच्या कामावर. कारण काय, तर म्हणे बदल पायजे.

मेघाली: भाविकसरांनीच कान भरले असणार. माझ्यामुळं झालं हे.

काळूराम: सही तू केली व्हतीस का? कामावर ठेवलंय, तेवढं पुरे. तुझं सांग. आज उत्तर येणार व्हतं ना?

मेघाली: आलं. आपण भाविकसरांना पाठवलेलं करार मोडल्याचं पत्र आणि त्याची पोस्टाची पावती कॉलेजच्या नियम बघणाऱ्या ऑफिसनं तपासली. आपण स्वतःहून सांगितलं, हे धरलं त्यांनी. पहिल्या दोन स्पर्धांना मला बाहेर बसावं लागेल. मग खेळायचं.

काळूराम: म्हणजे जायचं?

मेघाली: ऑगस्टमध्ये.

काळूराम: अगं, मंग असं तोंड करून काय बसलीस? मला वाटलं, गेलं सगळं.

मेघाली: ते हो म्हणाले, आणि आता मलाच भीती वाटतेय. तिथं मी कोणालाच ओळखत नाही, बाबा.

काळूराम: मॅडम हायत की. थंडी लय असते का तिकडं?

मेघाली: डिसेंबरमध्ये मैदान बर्फाखाली जातं म्हणाल्या. दोन-तीन महिने बाहेर कोणी खेळत नाही.

काळूराम: आणि गवत? मरतं?

मेघाली: नाही. बर्फाखाली तसंच राहतं. मार्चमध्ये परत हिरवं होतं.

काळूराम: बाय, पुढच्या वेळी मॅडमशी बोलशील तवा एक विचार. ते तीन महिने गवत कापणाऱ्यांना कामावर ठेवतात का.