लाल रेघेचा खांब

जळगाव स्टेशनच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा मुलगा बसले होते. तिच्या मांडीवर नवऱ्याच्या अस्थींचं मडकं होतं.

"माय, गिरणेत पाणी नाही. नाशिकलाच जाऊ."

"तुझे नाना सांगून गेले, इंग्रजांच्या रेल्वे पुलाखाली, लाल रेघेच्या खांबाजवळच सोडा."

"तिथं नुसती वाळू आहे."

"आणि रेघ?"

"आहे. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर."

"पूर चिरला जावा म्हणून साहेबानं खांब टोकदार बांधले, तरी पुलाचे पहारेकरी म्हणून नानांना भरवसा नव्हता. पावसाळाभर त्या रेघेवर नजर. पाणी तिथं पोचलं की गाडी थांबवायची."

"माहीत आहे, माय."

"पहाऱ्याला बसून हात जोडायचे. गिरणामाय, चढू नको, वर चढू नको."

"चल, नाशिकची गाडी आली."

"ऐकलं रे गिरणेनं त्यांचं."