बेंबीच्या रेषेत

—वर नाही हो बाई, खाली, बरोबर बेंबीच्या रेषेत! शर्ट मी धरलाय ना वर? मग दचकता कशाला, पोट आहे, चावत नाही. कॉलेजात हेच शिकवलं का तुम्हाला? जाऊ द्या. अकरा वर्षं या खोलीत अख्ख्या पलटणीच्या कमरा मी मोजल्या — आणि आज माझी कोण मोजणार, तर परवा रुजू झालेली मुलगी! म्हणे नवा नियम, मोजणाऱ्यालाही दुसऱ्यानं मोजायचं. मोजा. मान एकोणचाळीस सेंटिमीटर, लिहिलंत? कमरेतून मान वजा करायची, उंचीचा तक्ता बघायचा, झाली अंगातली चरबी. माझ्या उंचीला सत्त्याण्णवपर्यंत कंबर चालते. वर गेली की नापास, नोकरी संपली, उद्यापासून घरी.

आणि एकेक नग येतात हो इथे! तो भटारखान्यातला सार्जंट — महिनाभर वजनं घेऊन खांदे उडवत होता, कशासाठी? तर मान जाड झाली की वजाबाकीत पोट लपेल! मान झाली रेड्यासारखी, आता कॉलरचं बटण लागेना. एका ड्रायव्हरनं दोन दिवस पाणी सोडलं, टेप लावताच माझ्याच अंगावर कोसळला. असल्यांना मी सरळ नापास करतो. दया? कसली दया! जिभेला आवर नाही आणि म्हणे शिपाईगडी. माझं? माझं कोण मोजणार, मीच मोजायचो, मीच लिहायचो. ब्याण्णव. दर वर्षी ब्याण्णव — म्हणजे साधारण. असं बघू नका. टेप जरा आवळली, श्वास धरला, की येतं... यायचं. गेल्या वर्षी आकडा बघितलाच नाही, नुसता लिहिला. बायकोलाही ब्याण्णवच सांगितलंय.

झालं का? अजून नाही? मग टेप धरून मघापासून उभ्या कशाला? मी पोट आत घेतलंय म्हणून — छे, कुठं घेतलंय! बोलता बोलता कुणाचं पोट आत राहतं... अच्छा. म्हणून गप्प होय! सशासारखा चेहरा करून मला बोलू दिलंत.

किती? हळू बोला, बाहेर बाकावर सगळे बसलेत. एकशे तीन. तीनदा घ्यायचं असतं, घ्या पुन्हा. आता? परत तेच?

लिहा. काय बघताय, लिहा की! आणि पुढच्याला हाक मारा — मी नाही मारणार.