खेकड्याच्या वासानं जाड झालेले शंख

कुंभारीहून आलेली शोभाच्या घरची माणसं, भवानी पेठेतले तिचे शेजारी, आमच्या कॉलेजातले सहकारी, सगळ्यांना नमस्कार. आणि दाराशी उभ्या मुलांनो, आत या. पुढे जागा आहे.

मला बोलायला जमणार नाही, असं मी सकाळी प्राचार्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही नाही तर कोण? म्हणून उभी आहे. पण लक्ष ठिकाणावर नाही. माझा एक कान वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेतल्या हवेच्या पंपाकडे आहे. वीज गेली तर बोलणं अर्धं टाकून पळेन. रागावू नका.

मी वासंती. शोभा आणि मी एका वर्गात शिकलो, मग एकाच टेबलाशी बसून प्राणिशास्त्र शिकवलं. गेल्या आठवड्यात ती तासाला निघाली आणि जिन्यातच खाली बसली. संध्याकाळी दवाखान्यात तिचा जीव गेला. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. एवढंच?

कुंभारीच्या शेतकरी घरातल्या या मुलीनं समुद्र पाहिला तो एम.एस्सी.च्या सहलीत. आम्ही लाटांत खेळत होतो. ही खडकावर उकिडवी बसलेली. लाटा आदळत होत्या त्या खडकावरच्या गोगलगायी बुटक्या. शंख पातळ, तोंड रुंद. रुंद तोंडातून मोठा पाय बाहेर काढता येतो, खडक घट्ट धरता येतो. दुपारी खाडीत गेलो. तिथं पाणी शांत, पण खेकडे फार. तिथल्या गोगलगायींचे शंख जाड, तोंड अरुंद. खेकड्याची नांगी आत शिरू नये असं. सर म्हणाले, जात एकच आहे. शोभानं दोन हातांत दोन शंख धरले.

"मग ह्येला कसं कळलं, आपुन कुटं ऱ्हातो ते?"

सगळे हसले. ती नाही हसली. त्या प्रश्नानं तिला पुढे कधी स्वस्थ बसू दिलं नाही.

नोकरी लागल्यावर तिनं वर दोन टाक्या मांडल्या. एकाच खडकावरची पिल्लं दोन्हींत. एका टाकीत साधं समुद्राचं पाणी. दुसरीत खेकड्याच्या टाकीतून नळीनं येणारं पाणी. खेकडा नाही, नुसता त्याचा वास. लोक विचारायचे, सोलापुरात कसला समुद्र? समुद्र आण्णांच्या टेंपोतून यायचा. तिचे थोरले भाऊ, हे समोर बसलेत. कोकणात कांदा उतरवायचे आणि परतताना कॅन भरून आणायचे. नाक्यावर विचारलं, आत काय आहे, की आण्णा सांगायचे, "बहिणीचा समुद्र हाय."

पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या गोगलगायी मेल्या. ओली पोती, बर्फ, काही उपयोग झाला नाही. ती रडली आणि पुन्हा मांडायला लागली. दुसऱ्या खेपेला जगल्या. आणि एके दिवशी ती तास चालू असताना माझ्या वर्गात घुसली. "वासंती, बघ की! लई जाड झालाय!" खेकड्यानं कधी शिवलंही नव्हतं, तरी वासाच्या टाकीतले शंख जाड झाले होते.

एक विद्यार्थी म्हणाला, म्हणजे मॅडम, संकटानं माणूस मजबूत होतो. शोभा अशी चिडली! "न्हाय. जाड झाला खरा. पण भीतीनं ती दडून बसली, कमी खाल्लं, अंगानं लहान राहिली. ते पण सांग की." म्हणून आज तिच्याविषयी कुणी छान छान बोधवाक्य बोलू नका. तिला आवडणार नाही.

जायच्या आदल्याच दिवशी तिनं ती नळी बंद केली. वास थांबला, तर शंखाचा नवा काठ पातळ येईल का? हे बघायचं होतं. आणि ती गेली.

टाक्यांसाठी आणलेलं समुद्राचं पाणी संपत आलं होतं. मी कुंभारीला गेले. आण्णा म्हणाले, "मॅडम, माणूस गेलं. गोगलगायींचं काय घेऊन बसलाव? समुद्रात सोडून येतो."

मी म्हटलं, मग उत्तर कळणार नाही.

"कुणाला पायजे उत्तर? विचारणारीच न्हाय."

मी परत आले.

दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतः प्रयोगशाळेत आले. बराच वेळ टाकीशी वाकून उभे राहिले. मग म्हणाले, "काठ पातळ आला, तर काय समजायचं?"

समजायचं, की शंख शेवटपर्यंत पाण्याचा अंदाज घेत असतो.

"अन् जाडच आला तर?"

तर एकदा लागलेला वास सुटत नाही.

"म्हंजी कायबी होऊ शकतंय."

हो, आण्णा.

"मग बघावं लागंल की."

काल दुपारी पाणी आलं. कॅन आण्णांनी स्वतः वर चढवले. आम्ही दोघांनी पाणी बदललं. काठावर अजून काही दिसत नाही. मी रोज बघते. चैन पडत नाही. एवढा जीव टांगणीला लावून कुणी जातं का?

आता उभं राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. शोभा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हातात नसतानाच तुला निरोप द्यावा लागतोय. घे, नमस्कार घे.