चार बोटं उंच थप्पी

संशयी माणसावर मी आता चिडत नाही, भिया, आणि त्याला कारण आहेत बेटम्याच्या गोदामातले गायकवाडकाका.

गोदामात पोती ज्यावर रचतात ते प्लास्टिकचे पॅलेट मी डिझाइन करते. रिकामे झाले की वाट्यांसारखे एकात एक बसतील, असे हे माझे पहिलेच. पूर्वी रिकामे पॅलेट परत न्यायला टेम्पोच्या तीन फेऱ्या व्हायच्या. त्या दिवशी सगळे एकाच फेरीत मावले. मी एकदम खूश! पण गेटवरचे चौकीदार गायकवाडकाका, महूचे रिटायर्ड फौजी, टेम्पोला आडवे उभे राहिले.

"दोन फेऱ्यांचा माल कुठे गायब केला?"

"काका, सगळे यातच आहेत. एकात एक बसतात."

"मॅडमजी, मला उल्लू नका बनवू."

गोदामाचे मॅनेजर धावत आले. "जाऊ द्या ना गाडी! मॅडम काय चोर आहेत?"

चोर शब्द ऐकून माझं डोकंच तापलं. मी टेप काढला. "वीस पॅलेटची थप्पी माझ्या खांद्याला लागते. मोजा!"

तीन थप्प्या बरोबर निघाल्या. चौथी चार बोटं उंच भरली, पण पॅलेट मात्र वीसच. माझं डिझाइन असं वर राहूच शकत नाही. आता शक मला आला.

"काका, ही थप्पी उघडा."

मधल्या दोन पॅलेटांमध्ये गोदामातल्याच वेलदोड्याची पाकिटं दाबून बसवलेली होती. मॅनेजरसाहेब हळूच गेटबाहेर सटकायला लागले, तशी काकांनी त्यांची कॉलर धरली.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा मॅडमजी, शक बरोबर होता. माणूस चुकीचा पकडला."