टाच किती रुतली

नाही रे, सुपांग नावाची बाई इथं नाही, मघाशीच सांगितलं ना तुला — म्हणजे होती, पण ते नाव मी नातू झाला तेव्हा सगळ्या गावाला जेवायला घालून टाकून दिलं, सहा डुकरं कापली होती — आता मी तेपू रिबू. आमच्यात मूल झालं की नाव बदलतं, नातवंड झालं की परत बदलतं, आणि सरकारी कागद बिचारे जुन्याच नावाला हाका मारत बसतात. बस. चिखलाचे बूट शिडीखालीच राहू देत. अननस खा. कोंबड्यांकडे काय बघतोस — हो, खुराड्यावरचं छप्पर म्हणजे तू शोधतोयस त्याच विमानाचा पंख, डावा. न्यायचा तर ने. तिकडं नेचाच्या रानात धड पडलंय, तेही ने, मिरी शहरातल्या त्या संग्रहालयाच्या हॉलमध्ये घासूनपुसून उभं कर, मला काय. पण तू पंखासाठी आलेलाच नाहीस. तू कॅप्टन यापचा मुलगा, हनुवटीवरनंच ओळखलं मी, आणि तुला विमानाखाली लागणाऱ्या पाटीवरची एक ओळ बदलून हवी आहे. कागदात काय लिहिलंय? लाल फडकं वर असताना यापनं विमान उतरवलं. मग तेच लिही पाटीवर. मीच सांगितलं होतं ते चौकशीच्या साहेबाला. एक्केचाळीस वर्षं झाली, आता मी काय बदलू?

धावपट्टी बघितलीस का येताना? म्हशी चरतायत ती. आमच्या आईबापांनी कुदळीनं टेकडी कापून केली ती, दोन वर्षं खपत होते. रेडिओ नव्हता. पाऊस झाला की माझा बाप अनवाणी टोकापासून टोकापर्यंत चालायचा, दर दहा पावलांवर टाच दाबायचा — बोटभर रुतली तर पांढरं फडकं, त्याहून जास्त तर लाल, म्हणजे उतरू नको. बापानंतर मी. माझी टाच चुकली नाही कधी, एकदासुद्धा, विचार कुणालाही. तुझा बाप वरनं एक फेरी मारायचा, फडकं बघायचा आणि डोळे मिटून उतरायचा. गोरा, बारीक, काळा चष्मा. पोरांना संत्री वाटायचा. मी त्याला पानात बांधलेला भात द्यायचे, तर म्हणायचा, अक्का, तुझा भात खाल्ला की विमान जड होतं.

जड. हा शब्दच माझ्यासमोर काढू नकोस. — मीच काढला? बरं, मीच.

विमान कंपनीचा दलाल होता लुगुन. आता त्याचं भारदस्त नाव आहे, बालांग मरेन, तोही आजोबा झाला ना — मी लुगुनच म्हणते. वजनकाटा त्याच्याकडे. प्रत्येकानं गाठोड्यासकट काट्यावर उभं राहायचं, मग तो ठरवणार कोण चढणार. माझ्या आईचं पोट फुगलेलं, अंग तव्यासारखं तापलेलं, दवाखाना विमानानं पाऊण तास आणि पायी सात दिवस. उभी केली तिला काट्यावर. लुगुन म्हणाला, म्हातारी अकरा किलोनं जास्त होतेय, गुरुवारी बघू. अरे, हाडं होती नुसती. उतरवलं तिला, आणि तिच्या जागेवर भाताचं पोतं चढलं, त्याचं स्वतःचं. विमान गेलं. मी तिथंच बसले होते, काट्याकडे बघत. काट्यावर कुणी नाही, माशीसुद्धा नाही, आणि सुई कुठं? शून्यावर नाही. दोन काठ्या उभ्या असलेल्या खुणेवर. मला तेव्हा आकडे येत नव्हते. रॉकेलच्या डब्यांवरनं, मिशनच्या कॅलेंडरवरनं शिकले मी एकेक आकडा, कुणी शिकवला नाही — आणि ज्या दिवशी कळलं की दोन काठ्या म्हणजे अकरा, त्या दिवशी आईला जाऊन पाच महिने झाले होते. बुधवारी गेली ती. गुरुवारच्या आदल्या दिवशी.

मी ओरडले का? नाही. ओरडून काय होणार, त्याचा काटा, त्याची माणसं, आणि मी अडाणी. म्हटलं, तुझ्याकडे काटा आहे, माझ्याकडे टाच आहे. तीन वर्षं थांबले. तो नेहमी पुढं बसायचा, वैमानिकाच्या शेजारी, जावयासारखा. त्या दिवशी चार दिवसांचा पाऊस उघडला होता, विमान डोंगरावरनं वळलं, मला पुढच्या काचेत त्याची ती पांढरी टोपी दिसली, आणि मी खालच्या टोकाला टाच दाबली तर ती घोट्यापर्यंत —

अननस गोड आहे ना?

असा बघू नकोस माझ्याकडे. हो, घोट्यापर्यंत. आणि पांढरं फडकं धरलं मी, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. चाक रुतलं, नाक गेलं खाली, पंखा वाकला, आणि लुगुनचा पाय तीन ठिकाणी मोडला. अजून लंगडतो. एकाच लांबलचक घरात राहतो आम्ही सगळे, त्याची लंगडी पावलं या पडवीवरनं गेली की मी मोजते. चौकशीचा साहेब आला तेव्हा लाल फडकं होतं म्हणून सांगितलं, आणि सही येत होती तरी अंगठा उठवला — अडाणी बाईला उलटे प्रश्न कोण विचारतो? तुझा बाप माझ्या डोळ्यांपुढं नव्हताच रे. काचेत मला एकच माणूस दिसत होता.

काय? कसले ट्रक? — लाकडाचे. तुझा बाप? विमान सुटलं त्याचं, आणि ओंडक्यांचे ट्रक चालवत होता? किती वर्षं?

…आणि मला शिव्या नाही दिल्या कधी? काय म्हणायचा? सांग की. — "बाईची टाच चुकली असेल." असं म्हणायचा.

माझी टाच चुकली नाही. काढ तो कागद. लिही: जमीन ओली होती, टाच घोट्यापर्यंत रुतली, आणि मी जाणूनबुजून पांढरं फडकं दाखवलं. यापची चूक नाही. खाली लिही, लुगुनसाठी दाखवलं, दोन काठ्यांसाठी — त्याला कळेल. आण इकडं. अंगठा नाही, पेन दे. सुपांग. बघ, अजून लिहिता येतं. हे त्याच नावाच्या बाईनं केलं, तिनंच सही करायला हवी.

आता पंख उतरव, कोंबड्यांचं मी बघते. पण आधी याच पडवीवर चौथ्या खोलीत जा, लुगुनच्या. एवढी वर्षं तो पावसाला आणि तुझ्या बापाला शिव्या देत आलाय, आणि मला ते रोज गिळावं लागलंय. त्याचा उजवा कान गेलाय, डाव्या बाजूला बस. मोठ्यानं वाच. माझं नाव दोनदा वाच. भिंती पातळ आहेत आमच्या, मला ऐकू येईल. — नाही, मी नाही येणार. जा. परत सांगायला येऊ नकोस.